कॅलिपरचा पिस्टन: क्रोम, स्टेनलेस की बॅकेलाइट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २००५ ची डिझेल सेदान, पुण्यात सिंहगड रोडवरच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते, आठवड्यातून एक-दोनदाच बाहेर निघते. पुढचं डावं चाक तापतंय आणि गाडी डावीकडे ओढतेय. गॅरेजवाल्याने कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, उघडला तर पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनवर गंजाचे फोड. आता समोर तीन पर्याय आहेत. नाना पेठेत क्रोमचा पिस्टन किटसकट मिळतोय. भोसरीचा एक लेथवाला स्टेनलेसचा करून देतो म्हणतोय. आणि कुणीतरी ऑनलाइन काळा बॅकेलाइटचा पिस्टन दाखवलाय, ‘हा कधी गंजतच नाही’ म्हणून. घ्यायचा कुठला?

आधी उत्तर देतो, मग कारणं. मूळ पिस्टन क्रोम चढवलेला पोलादी होता, तर चांगल्या बनावटीचा तोच घ्या आणि दोन्ही बाजूंना घ्या. तो धड मिळतच नसेल तर स्टेनलेस, पण लेथवाल्याला नीट माप आणि फिनिश सांगून. बॅकेलाइट तुमच्या गाडीला नको. आणि या सगळ्याच्या आधी डस्ट बूट, म्हणजे पिस्टनच्या तोंडाशी धूळ-पाणी अडवणारं रबर. नव्वद टक्के लोक पिस्टनच्या धातूवर डोकं खाजवतात आणि बूट जुनाच परत चढवतात. तसं केलंत तर कुठलाही पिस्टन घाला, दोन पावसाळ्यांत पुन्हा इथेच याल.

पिस्टन हाच गुन्हेगार आहे ना, हेही एकदा बघून घ्या. गंज दिसला म्हणजे जाम त्यानेच केलं असं नाही. पुढचं चाक जॅकवर उचला, पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड असेल तर कॅलिपरचं निपल, म्हणजे ब्रेकमधली एअर काढायचा स्क्रू, जरासं सैल करा. थोडं ऑइल उडून चाक लगेच मोकळं झालं, तर प्रेशर मागेच अडकलेलं होतं. म्हणजे कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी होज पाइप आतून सुजलाय किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचं बारीक भोक बुजलंय. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर दोष पिस्टनमध्ये किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिनांमध्ये. पिना कोरड्या पडून अडकणं पुण्यात फार सर्रास दिसतं, आणि त्याला एक नवं रबर नि सिलिकॉन ग्रीस एवढंच लागतं. वीस वर्षांच्या गाडीचा होज पाइप मी तरी या कामात बदलूनच टाकतो.

आता पिस्टन. इथे एक गोष्ट समजली की बाकी निवड सोपी होते. ड्रमच्या व्हील सिलिंडरमध्ये रबरी कप पिस्टनबरोबर सरकतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. म्हणून तिथे बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ते गोल भोक, गुळगुळीत हवा. डिस्कच्या कॅलिपरमध्ये उलटं आहे. चौकोनी छेदाचं रबरी सील कॅलिपरमधल्या खोबणीत बसलेलं असतं, जागचं हलत नाही, आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा आहे, बोअरचा नाही. व्हील सिलिंडरवर हात बसलेले जुने मिस्त्री कॅलिपरचा बोअर तासभर होन करत, म्हणजे घासून गुळगुळीत करत बसतात आणि पिस्टनवरचा खड्डा पॉलिश पेपरने ‘मिटवून’ परत घालतात. नेमकं उलटं काम.

त्या सीलचं दुसरं काम म्हणजे पिस्टन मागे ओढणं. ब्रेक दाबला की सील पिस्टनबरोबर किंचित पिळतं, पेडल सोडलं की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं मागे आणतं. कॅलिपरमध्ये परत ओढणारी स्प्रिंग बिंग काही नसते. एवढ्याशा ओढीवर चाक मोकळं राहायचं असतं. त्यामुळे पिस्टनची कातडी खरबरीत झाली किंवा पिस्टन जाडीने वाढला, की पॅड डिस्कला टेकूनच राहतो.

आणि एक दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल: पॅड बदलेपर्यंत गाडी ठणठणीत, नवे पॅड टाकले आणि आठवड्यात कॅलिपर गळायला लागला. मग पॅडला शिव्या. खरं कारण असं, की पॅड झिजत गेला तसा पिस्टन बाहेर येत गेला आणि त्याचा बाहेरचा भाग महिनोन् महिने बुटाच्या आत साचलेल्या ओलीत राहिला. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे दाबला, तेव्हा तो गंजलेला पट्टा थेट सीलखाली गेला. म्हणून पॅड बदलताना बूट बोटाने उचलून पिस्टनचा बाहेर आलेला भाग बघायचा, तो पुसायचा आणि मगच मागे दाबायचा. नख अडकेल असा खड्डा दिसला तर पिस्टन मागे ढकलू नका, बाहेर काढा.

तुमच्या पिस्टनवर गंज कुठे आहे तेही बघा. तोंडाशी, बुटाच्या खोबणीजवळ असेल तर पाणी बाहेरून आलंय: फाटका बूट, पावसाळा, सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप. आतल्या टोकाला, ऑइलच्या बाजूला डाग असतील तर ऑइलातच पाणी आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळायचं, तेच ३.७ टक्के पाणी मुरल्यावर प्रमाणानुसार १५५ पर्यंतच टिकलं तरी पास धरतात. दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात ते एवढ्यासाठी. पुण्यात युरोपसारखं रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, ही आपली जमेची बाजू. पण दर महिन्याला दापोली-हरिहरेश्वर करणारी गाडी असेल तर तिचा हिशेब वेगळा, कारण खारी हवा क्रोमला फार लवकर खाते. न चालणारी गाडीही तशीच. रोज चालणाऱ्या गाडीचा पिस्टन हलता राहतो आणि उष्णतेने ओल उडत राहते. तुमची जुलै-ऑगस्टात एका जागी उभी राहिली, ओल बसली ती बसलीच.

क्रोमबद्दल. मूळ पिस्टन हा आतून साधं पोलाद असतो आणि वर दहा ते पंचवीस मायक्रॉनचा हार्ड क्रोमचा थर. क्रोम स्वतः गंजत नाही, पण हार्ड क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतातच. त्यातून ओल खाली पोलादापर्यंत पोचली की गंज खालून फुगतो आणि क्रोमचा पापुद्रा उचलतो. तुम्हाला दिसले ते फोड हेच. सुरुवात जवळपास नेहमी बुटाच्या खोबणीत होते, कारण कोपऱ्यात थर नीट चढत नाही. म्हणून दुकानात पिस्टन हातात घेतलात की चकाकी बघू नका, खोबणीची आतली कड बघा. तिथे पिवळट किंवा काळसर रेघ असेल तर खाली ठेवा. मग उजेडाकडे धरून हळूहळू फिरवा. आरशासारख्या क्रोमखाली लेथच्या बारीक गोल रेघा दिसल्या, तर तो न घासता प्लेटिंग केलेला माल आहे, आणि त्या रेघा सीलला कानशीसारख्या खरवडतात. शेवटी मायक्रोमीटर. व्हर्नियरवर हे काम होत नाही. तीन ठिकाणी, दोन दिशांना माप घ्या आणि जुन्या पिस्टनच्या आतल्या, न गंजलेल्या टोकाशी ताडून बघा. ०.०२–०.०३ मिलिमीटरच्या वर फरक असेल तर तो तुमचा पिस्टन नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

हल्ली काही गाड्यांत पोलादी पिस्टन काळा किंवा करडा येतो. नायट्राइडिंग केलेला, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेला असतो, क्रोम नसतोच. लोक त्याला गंजका समजून टाकून देतात नाही तर बॅकेलाइट समजतात. लोहचुंबक लावा, चिकटला तर पोलाद.

जुन्यावरच पुन्हा क्रोम चढवून घेता येतो का? येतो. पिंपरी-भोसरीकडे हायड्रॉलिक रॉडवर हार्ड क्रोम करणारे आहेत. जुना क्रोम काढायचा, खड्डे जाईपर्यंत पिस्टन ग्राइंड करायचा, जास्तीचा थर चढवायचा आणि परत मापावर ग्राइंड करायचा, असा तो व्याप आहे. पार्ट बाजारात मिळत असताना दोन पिस्टनसाठी हे परवडत नाही. जुनी आयात गाडी किंवा पार्ट बंद झालेली गाडी असेल तरच. आणि तिथे ‘हार्ड क्रोम’ असं स्पष्ट सांगायचं. बंपर-हँडल चमकवणाऱ्याकडे दिलंत तर तो शोभेचा पातळ क्रोम चढवेल, आणि तो सीलच्या घर्षणापुढे टिकत नाही.

स्टेनलेस. हा पर्याय मला मनापासून आवडतो, पण लेथवर नीट झाला तर. यात वरचा थर नाही, म्हणून सुटण्यासारखं काही नाही. गॅरेजमध्ये एक समज आहे की स्टेनलेस जास्त तापतं आणि ब्रेक ऑइल उकळवतं. तसं नाही. साध्या पोलादाची उष्णता वाहण्याची क्षमता मीटर-केल्व्हिनला ५० वॉटच्या आसपास, ३०४ स्टेनलेसची १६ च्या. म्हणजे पॅडची उष्णता ऑइलपर्यंत तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने जाते. उलट फायदाच.

घोळ होतो तो चार ठिकाणी. पहिला, माल. ३०४ म्हणून हलक्या प्रतीचं, मँगनीजवालं २०२ विकणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा इथे फसवते. स्टेनलेसच्या व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून रंग बघायचं रसायन असतं, मँगनीजवाला माल त्यात लगेच ओळखू येतो. रॉड घेतानाच तपासून घ्या. कोकणात वारंवार जाणार असाल तर ३१६ घ्या.

दुसरा, फिनिश. लेथवरून उतरलेला पिस्टन दिसायला छान चकचकीत असतो, पण टूलची मळसूत्री रेघ त्यावर राहते आणि ऑइल त्या रेघेने झिरपत बाहेर येतं. वरून एमरी पेपर मारून ती जात नाही, फक्त दिसेनाशी होते. बाहेरचा व्यास ग्राइंडिंग मशीनवरच पूर्ण व्हायला हवा, खरबरीतपणा ०.४ मायक्रॉनच्या आत. लेथवाला म्हणाला ‘साहेब, पॉलिश एकदम काच करून देतो’, तर त्याला ग्राइंडिंग कुठून करून आणणार ते विचारा. उत्तर आलं नाही तर काम देऊ नका.

तिसरा, आकार. पिस्टन वाटीसारखा पोकळ असतो तो उगाच नाही. पॅडला त्याची फक्त कड टेकते, त्यामुळे उष्णता कमी चढते आणि वजन कमी राहतं. लेथवाले वेळ वाचवायला आतली पोकळी उथळ ठेवतात आणि ‘मजबूत केलाय’ म्हणून सांगतात. मजबुती आधीच पुरेशी होती. वाटीची खोली, कडेची जाडी, एकूण लांबी, बुटाची खोबण आणि आतल्या टोकाची तिरपी कड हे सगळं जुन्याबरहुकूम हवं. ती तिरपी कड राहिली नाही तर पिस्टन घालतानाच सील कापलं जातं.

चौथा घोळ सगळ्यात फसवा आहे: खेळ, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली मोकळी फट. समजा पिस्टन ५४ मिलिमीटरचा आहे आणि घाटात तापमान १५० अंशांनी वाढलं. बिडाचा बोअर साधारण ०.०९ मिलिमीटर मोठा होईल. साध्या पोलादाचा पिस्टन ०.१० च्या आत-बाहेर, म्हणजे जवळपास बरोबरीने. ३०४ चा पिस्टन मात्र ०.१४ ने फुगेल. म्हणजे थंड असताना जो खेळ होता त्यातला मिलिमीटरचा पाच शतांश गेला. शिवाय पिस्टन पॅडला टेकलेला, तो बोअरपेक्षा जास्तच तापणार. लेथवाल्याने कौशल्य दाखवायला ‘एकदम टाइट फिट’ केला असेल, तर गाडी शहरात छान चालते, घाट उतरताना चाक धरतं, आणि टो करून गॅरेजला नेईपर्यंत थंड होऊन सुटलेलं असतं. मग कुणालाच काही सापडत नाही. म्हणून स्टेनलेस करताना माप जुन्या पोलादी पिस्टनपेक्षा तीन-चार शतांश कमी ठेवायला सांगा. सील तेवढं सहज भरून काढतं.

घाटाची उष्णता म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर: बाराशे किलोची गाडी सिंहगडावरून पाचशे मीटर खाली आणली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर निघणाऱ्या उष्णतेत सतरा-अठरा लिटर नळाचं पाणी उकळीला येईल. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, पिस्टन कशाचाही असो.

आता तो काळा पिस्टन. फेनॉलिक रेझिनचा असतो, आपल्याकडे त्याला बॅकेलाइटच म्हणतात. अमेरिकन गाड्यांत तो सत्तरच्या दशकापासून चालत आलाय, आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हलका असतो, गंजत नाही, उष्णता जवळजवळ वाहतच नाही. ज्या कॅलिपरची रचनाच त्याच्यासाठी झालीय तिथे तो उत्तम चालतो. पण तो ओल आणि ऑइल थोडं थोडं पितो आणि वर्षांनुवर्षांनी जाडीने वाढतो. त्यासाठी त्या कॅलिपरमध्ये मुळात जास्त खेळ ठेवलेला असतो. पोलादी पिस्टनच्या बोअरमध्ये तो घातलात तर नवीन असताना बसेल आणि काही पावसाळ्यांनी घट्ट होईल. गंज नाही, काही नाही, तरी जाम. शिवाय कड टवका उडण्याइतकी ठिसूळ. मिस्त्रीने सी-क्लॅम्प तिरका लावून किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसून मागे दाबला की तडा गेलाच. आणि यावर ग्राइंडिंग-पॉलिशिंग काही चालत नाही, खराब झाला की टाकायचा. ज्यांच्या गाडीत मुळातच फेनॉलिक आहे त्यांनी फेनॉलिकच घालावा. उलट दिशेने, म्हणजे त्याच्या जागी पोलादी, बरेच लोक घालतात आणि ते चालतंही, पण त्या मापाचा त्याच कॅलिपरसाठी बनवलेला मिळत असेल तरच.

ॲल्युमिनियमचे पिस्टन ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्येच, तिथे दोघं एकाच प्रमाणात फुगतात. बिडाच्या कॅलिपरमध्ये तोच ५४ चा पिस्टन वर धरलेल्या तापमानाला ०.१८ पेक्षा जास्त वाढेल, विषय संपला. त्यावरचा हार्ड ॲनोडाइझ थर हाच त्याचा जीव, त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही. टायटॅनियम रेसिंगवाल्यांसाठी. विचारूही नका.

पिस्टन ठरला तरी अर्धं काम बोअरमध्ये आहे. पिस्टन काढताना होज पाइपच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा अगदी हळू द्या, समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं लांब ठेवा. हवेने सुटलेला पिस्टन बोट चेचतो. त्याहून बरा उपाय म्हणजे कॅलिपर गाडीला जोडलेला असतानाच पेडल मारून पिस्टन जवळजवळ बाहेर आणणं. मग जुनं सील काढा, लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने, पोकरने नको. आणि टॉर्च घेऊन सीलच्या खोबणीचा तळ बघा. तिथे गंजाचा कडक थर बसलेला असतो आणि तो सीलला आतून पिस्टनकडे रेटतो. नवा पिस्टन, नवं सील, तरी चाक जडच, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हा थर असतो. बारीक वायर ब्रशने आणि जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या बोथट तुकड्याने तो काढायचा, खोबणीच्या कडा न दुखावता. बोअरच्या भिंतीवर हलका डाग चालेल. खोबणीच्या कडेला खड्डा असेल तर कॅलिपरच बदला.

धुवायला पेट्रोल-डिझेल अजिबात नको. सील ईपीडीएम रबराचं असतं, खनिज तेलाने ते फुगून चिखल होतं. स्पिरिट किंवा ब्रेक क्लीनर वापरा, आणि वंगण म्हणून ताजं ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस. सील लावून पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला की आत गेला पाहिजे. हातोडी आठवली, तर थांबा आणि काय अडतंय ते बघा. बुटाची ओठासारखी कड पिस्टनच्या खोबणीत आणि कॅलिपरच्या खोबणीत पूर्ण गोल बसलीय ना, हे बोट फिरवून तपासा.

मागेही डिस्क असलेल्या गाडीवाल्यांसाठी एक सूचना. ज्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आत असते, तो पिस्टन लेथवर करायच्या भानगडीत पडू नका. आत मळसूत्राचा ॲडजस्टर असतो, पिस्टन दाबून नाही, फिरवून मागे जातो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं. तिथे कंपनीचा पिस्टन किंवा अख्खा कॅलिपर.

दोन्ही बाजू एकाच मालाच्या हव्यात हे वर म्हटलंच. डावीकडे स्टेनलेस आणि उजवीकडे जुना क्रोम ठेवलात तर दोन्हींची मागे येण्याची चाल वेगळी राहते आणि ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला खेचू शकते. जोरात ब्रेक मारताना लाइनमध्ये ७० बारचं प्रेशर धरलं तरी ५४ मिलिमीटरच्या पिस्टनमागे सोळाशे किलोच्या आसपास जोर असतो. दोन बाजूंतला थोडा फरकही स्टिअरिंगवर जाणवतो.

एअर काढून झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल दोन-तीन मिनिटं जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला बुटाभोवती टिश्यू पेपर फिरवायला सांगा. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा. कोरडा राहिला तर सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि दोन्ही पुढच्या कॅलिपरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने ताडून बघा. चमकत्या डिस्कवर तो खोटा आकडा दाखवतो, म्हणून कॅलिपरच्या अंगावर धरा. डावं-उजवं जवळजवळ सारखं आलं की मगच घाट.

जुने दोन्ही पिस्टन गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. नाना पेठेत जाताना ते आणि मायक्रोमीटर बरोबर न्या, आणि काउंटरवरच मोजून घ्या. आणि किट घेताना बूट, सील, पिनांची रबरं आणि निपलची टोपी पाकिटात आहेत ना ते बघा. ती टोपी नसली की निपल गंजून बसतं आणि पुढच्या वेळी एअर काढताना तुटतं.